दोन लाख किलोमीटर चाललेली सेडान ट्रॅकवर नेताना

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात जुन्या सेडानची वानवा नाही. शेंद्रा एमआयडीसीतल्या स्कोडाच्या कारखान्यात 2001 साली ऑक्टेव्हियाची जुळणी सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत घेतलेल्या त्या गाड्यांपैकी काही आजही कन्नड, वैजापूर, सिल्लोडच्या रस्त्यांवर दिसतात. पंधरा वर्षांनंतर आरटीओत आरसीचं नूतनीकरण झालेलं असतं, मीटरवर दोन लाखांच्या पुढचा आकडा असतो, पण बॉनेट उघडलं तर ऑइलचा थेंबही गळताना दिसत नाही. सर्व्हिसिंगची बिलं तारखेनुसार लावून ठेवणारा मालक अशा गाडीमागे असतो. त्याला कधी ना कधी वाटतंच की ही गाडी खरोखर किती करू शकते ते एकदा बघावं. हा लेख त्याच्यासाठी आहे.

ते बघायची योग्य जागा म्हणजे बंदिस्त ट्रॅक, आणि योग्य निमित्त म्हणजे ट्रॅक डे. गाडी जुनी आहे म्हणून तिथे कुणी अडवत नाही. आपल्याकडच्या टूरिंग कार शर्यतींत मारुती एस्टीम आणि जुन्या होंडा सिटी बाजारातून गेल्यावरही कित्येक वर्षं धावत राहिल्या. अडचण गाडीच्या वयाची नसून उष्णतेची असते. रस्त्यावर कधीच होत नाही इतकी उष्णता ट्रॅकवर वीस मिनिटांत तयार होते. ती कुठे तयार होते, कुठून बाहेर पडते आणि कुठे अडकते, हे ज्याला कळलं त्याची दोन लाख चाललेली गाडी दिवसभर धावून स्वतःच्या चाकांवर घरी येते.

घाटात हे का करायचं नाही

कन्नडकरांच्या अगदी जवळ वळणांचा रस्ता आहे, तो म्हणजे चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट. 52 नंबरचा राष्ट्रीय महामार्ग इथून गौताळा औट्रमघाट अभयारण्याला लागून खाली खानदेशात उतरतो. 2021 च्या ऑगस्टअखेरच्या अतिवृष्टीत इथे दरडी कोसळल्या. 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने घाटातली जड वाहतूक बंद झाली. ट्रक नसलेला घाट मोकळा दिसतो आणि मोकळा रस्ता दिसला की पाय जड होतो. म्हणून हे आधीच स्पष्ट सांगायला हवं.

घाटात वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही. समोरून दुधाची गाडी येत असेल, दरडीचा दगड पडलेला असेल, एखादं जनावर रस्ता ओलांडत असेल. चूक झाली तर एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, वळणाबाहेर गाडीचा वेग जिरवायला मोकळी जागा असते, प्रत्येक टप्प्यावर झेंडा घेतलेला मार्शल असतो आणि रुग्णवाहिका उभी असते. कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी परवानगीशिवाय शर्यत लावणं किंवा वेगाची चाचणी घेणं हा गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यालाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

ट्रॅक डे म्हणजे काय

ट्रॅक डे ही शर्यत नसते. नंबर लागत नाहीत, बक्षीस नसतं. शुल्क भरून आपली रोजची गाडी घेऊन यायचं आणि ठरलेल्या गटात, ठरलेल्या वेळी ट्रॅकवर चालवायची. एक सत्र साधारण पंधरा ते वीस मिनिटांचं असतं आणि दिवसभरात अशी काही सत्रं मिळतात. नवखे आणि सरावलेले यांचे गट वेगळे असतात.

आपल्या देशात यासाठी जुनी ठिकाणं दक्षिणेत आहेत. चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर पूर्वी शर्यती होत. पुढे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने इरुंगाट्टुकोट्टाईला खास ट्रॅक बांधला. 1990 मध्ये सुरू झालेला हा ट्रॅक सुमारे 3.7 किलोमीटरचा आहे. कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे 2003 चा आहे, लांबी 2.1 किलोमीटर, आणि भारतीय रेसिंग गाड्या घडवणाऱ्या एस. करिवर्धन यांचं नाव त्याला दिलेलं आहे. उत्तरेत ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट पाच किलोमीटरहून थोडा मोठा. 2011 मध्ये तिथे भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स हे चाचणी केंद्र आहे. 11.3 किलोमीटरचा त्याचा वेगवान ट्रॅक 2021 मध्ये सुरू झाला, पण तो मुळात वाहनांच्या चाचण्यांसाठी आहे. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या स्पर्धा झाल्या आहेत, पण तिथे सरळ पळायचं असतं, वळणांचं काही शिकायला मिळत नाही.

कन्नडहून कोइमतूर किंवा चेन्नई हजार किलोमीटरहून जास्त आहे. म्हणजे गाडी आधी एवढी चालवत न्यायची, मग ट्रॅकवर पळवायची आणि पुन्हा तेवढीच चालवत आणायची. सगळी तयारी हा परतीचा प्रवास डोळ्यांसमोर ठेवूनच करायची असते.

ब्रेक: उष्णतेचा हिशेब

चालकासकट 1,400 किलो वजनाची सेडान धरू. सरळ पट्ट्यावर ती ताशी 150 किलोमीटरला पोचली आणि पुढच्या वळणासाठी 70 वर आणली. या एका ब्रेकमध्ये जवळपास 9.5 लाख ज्यूल ऊर्जा उष्णता होऊन डिस्क आणि पॅडमध्ये जाते. एवढ्या उष्णतेत माठातलं तीन लिटर पाणी उकळीला येईल. आणि ही उष्णता तयार होते सव्वातीन सेकंदांत, त्यातलाही मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर.

आता हेच घाटाशी ताडून बघू. हीच गाडी 250 मीटर खाली उतरली आणि सगळा भार फक्त ब्रेकवर टाकला, तर सुमारे 34 लाख ज्यूल तयार होतात, पण त्याला पंधरा मिनिटं मिळतात. ट्रॅकवर एका फेरीत असे तीन मोठे ब्रेक आणि वीस मिनिटांत आठ फेऱ्या धरल्या तर चोवीस ब्रेक होतात. म्हणजे एका सत्रात ब्रेकवर एवढा घाट जवळपास सात वेळा उतरण्याइतकी उष्णता पडते. घाटात आपण गिअरवर गाडी रोखतो म्हणून निभावतं. ट्रॅकवर मात्र उष्णता झटक्याने येते आणि दोन झटक्यांच्या मधे वाऱ्यावर गार व्हायला थोडेच सेकंद मिळतात.

ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात. दोन्हींची खूण पायाला वेगळी कळते आणि ती ओळखता आली पाहिजे. पहिली तऱ्हा पॅडची. पॅडचं मिश्रण त्याच्या मर्यादेपलीकडे तापलं की पकड सुटते. पेडल नेहमीसारखं घट्ट लागतं, पण गाडी थांबत नाही. दुसरी तऱ्हा ब्रेक ऑइलची. कॅलिपरमधली उष्णता ऑइलपर्यंत पोचते, ऑइल उकळतं आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल मऊ पडतं आणि खोल जातं. पहिल्या वेळी अजून जोर लावला तर थोडा तरी उपयोग होतो. दुसऱ्या वेळी पेडल पटपट दोन-तीनदा मारून दाब उभा करायचा, वेग उतरवायचा आणि सरळ पिटमध्ये यायचं.

जुन्या, चांगल्या ठेवलेल्या गाड्यांतही दुर्लक्षित राहते ती हीच वस्तू. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 दर्जाचं नवं ऑइल किमान 230 अंशांना उकळतं; पाणी शोषलेल्या ऑइलसाठी त्याच दर्जाची किमान अट 155 अंशांची आहे. डॉट 3 ला हेच आकडे 205 आणि 140 आहेत, डॉट 5.1 ला 260 आणि 180. म्हणजे गाडी पन्नास हजार किलोमीटर चालली की पाच हजार, याने फरक पडत नाही. ऑइल किती वर्षांचं आहे याने पडतो. ट्रॅकला जाण्याआधी सगळं ब्रेक ऑइल बदला, नुसतं वरून भरू नका. चारही चाकांवर ब्लीडिंग करून जुनं, काळपट ऑइल पूर्ण निघेपर्यंत काढा. सीलबंद, नव्या डब्यातलंच ऑइल वापरा. उघडून ठेवलेल्या डब्यातल्या ऑइलने पाणी शोषलेलंच असतं. डॉट 5 हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे, नावं सारखी वाटतात म्हणून ते एबीएसच्या गाडीत घालायचं नाही.

पॅड निम्म्याहून अधिक शिल्लक असावेत. कारण पातळ पॅडमधून उष्णता लवकर कॅलिपरपर्यंत जाते. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्नियरने मोजून बघा, डोळ्याने अंदाज करू नका. नवे पॅड टाकले असतील तर ते बसवून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी 80 वरून 30 पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, आणि मग गार होईपर्यंत चालवत राहायचं. न बसलेले पॅड घेऊन ट्रॅकवर गेलात तर त्यातलं रेझिन एकदम तापून डिस्कवर डाग पाडतं आणि परतीच्या रस्त्यावर स्टिअरिंग थरथरत राहतं.

टायर

टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. कमी वापराच्या गाडीत नक्षी भरपूर दिसते पण रबर कडक झालेलं असतं. नखाने दाबून बघा, बाजूला बारीक भेगा आहेत का बघा. पाच-सहा वर्षांच्या वरचा टायर रस्त्यावर तक्रार करणार नाही, पण ट्रॅकवर त्याची पकड लवकर सुटते.

हवेचंही गणित आहे. गार टायरमध्ये 32 पीएसआय भरली आणि आतली हवा 30 अंशांवरून 70 वर गेली, तर दाब साधारण 38 वर जातो. फुगलेल्या टायरचा मधला पट्टाच जमिनीला टेकतो आणि पकड कमी होते. म्हणून पहिल्या सत्रानंतर लगेच, टायर तापलेले असतानाच, दाब मोजून लिहून ठेवा. चारही चाकांचे आकडे वेगळे येतील. ज्या बाजूची वळणं जास्त तिच्या विरुद्ध बाजूची चाकं अधिक तापतात. हवी तेवढी हवा थोडी थोडी काढायची. पण टायरच्या बाजूचा पट्टा जमिनीला घासू लागेल इतकी नाही. ते कळण्यासाठी टायरच्या खांद्यावर खडूने तीन-चार उभ्या रेघा ओढा. सत्रानंतर रेघ कुठपर्यंत पुसली गेली ते बघा. खांद्याच्या कडेपर्यंतच पुसली असेल तर ठीक, खाली बाजूवर उतरली असेल तर हवा कमी आहे.

परतीला निघण्याआधी टायर गार होऊ द्या आणि कंपनीने सांगितलेल्या दाबाइतकी हवा पुन्हा भरा. कमी हवेच्या टायरवर हजार किलोमीटर हायवे म्हणजे टायर फुटण्याला आमंत्रण.

इंजिन: पाणी आणि ऑइल

मराठवाड्यात रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालायची सवय अजूनही आहे. त्यातले क्षार आत थर धरतात आणि तो थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. रोजच्या रस्त्यावर हे कळत नाही, कारण तिथे इंजिन पूर्ण ताकदीने काही सेकंदच चालतं. ट्रॅकवर प्रत्येक सरळ पट्ट्यावर ते पूर्ण ताकदीने चालतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, जुनं सगळं काढून, भरायचं. झाकणाचं रबर बघायचं, कारण झाकण दाब धरतं म्हणूनच कूलंट शंभराच्या पुढे जाऊनही उकळत नाही. जुन्या होजपाइपला क्लिपजवळ दाबून बघा. मऊ, फुगीर किंवा कडक लागला की बदला.

फोक्सवॅगन-स्कोडा गटाच्या त्या काळातल्या गाड्यांच्या दोन गोष्टी माहीत हव्यात. त्यांच्या अनेक वॉटर पंपांत प्लास्टिकचा पंखा असायचा आणि तो जुना होऊन निसटायचा किंवा मोडायचा. पंप बदलताना धातूच्या पंख्याचा बसवून घेता येतो. दुसरी गोष्ट तापमानाच्या काट्याची. तो 90 वर स्थिर दिसेल असाच ठेवलेला आहे. प्रत्यक्ष तापमान बरंच वर-खाली झालं तरी काटा हलत नाही आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून स्वस्तातला ओबीडी स्कॅनर लावून खरा आकडा बघत राहा. तो सत्रात सतत चढत असेल तर एक फेरी हळू चालवा. तेवढ्यात खाली येत नसेल तर पिटमध्ये या.

ऑइल बदलून जा आणि डिपस्टिकवर वरच्या खुणेपर्यंत ठेवा, पण तिच्या वर नाही. लांब वळणात ऑइल सम्पच्या एका बाजूला जातं. ऑइल कमी असेल तर पंपाची नळी क्षणभर हवा ओढते आणि बेअरिंगला तेवढा क्षणही पुरतो. ऑक्टेव्हिया आरएसच्या 1.8 टर्बो पेट्रोल इंजिनात जुन्या ऑइलचा गाळ साचून सम्पमधली जाळी बंद होणं हा माहितीचा दोष आहे. अशा गाडीचा सम्प एकदा उतरवून जाळी साफ करून घेणं शहाणपणाचं. वाटेत गाडी किती ऑइल खाते तेही कन्नड ते ट्रॅक या प्रवासातच कळतं, म्हणून पोचल्यावर डिपस्टिक पुन्हा बघा आणि एक लिटर ऑइल सोबत असू द्या.

टायमिंग बेल्टचा हिशेब किलोमीटर आणि वर्षं या दोन्हींत धरायचा. बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. बेल्ट कधी बदलला याचं बिल हातात नसेल तर तो बदललेला नाही असंच समजा, आणि बदलताना टेन्शनर, पुली आणि वॉटर पंप सोबतच करा.

गाडीखाली

रॅम्पवर गाडी उचलून मेकॅनिकसोबत स्वतः खाली उभे राहा. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, टाय रॉडची टोकं, व्हील बेअरिंग, इंजिन माउंटिंग आणि सीव्ही जॉइंटचे बूट ही यादी. चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून बघितलं की ढिलाई हाताला लागते. जुन्या बुशचा रस्त्यावर फक्त आवाज येतो. ट्रॅकवर जोराचा ब्रेक मारताच तोच बुश चाकाची दिशा बदलतो आणि गाडी एका बाजूला ओढते. तुम्हाला वाटतं ब्रेकमध्ये दोष आहे.

चाकाचे बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा. ऑक्टेव्हियासाठी तो आकडा 120 न्यूटन मीटर आहे. न्यूमॅटिक गनने आवळलेला बोल्ट किती घट्ट आहे हे कुणालाच सांगता येत नाही. पहिल्या सत्रानंतर चाकं गार झाली की एकदा पुन्हा तपासा.

हे सगळं काम जायच्या आदल्या दिवशी करू नका. दोन-तीन आठवडे आधी करा, त्यानंतर गाडी पाचशे-एक किलोमीटर नेहमीसारखी चालवा आणि मग पुन्हा रॅम्पवर घेऊन गळती, ढिले बोल्ट आणि क्लिपा बघा. नव्याने केलेल्या कामातली उणीव पहिल्या काही शे किलोमीटरमध्येच दिसते.

विमा

खासगी गाडीच्या विम्यात वापराची मर्यादा लिहिलेली असते आणि तीत आयोजित शर्यत, वेगाची चाचणी यांचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर नुकसान झालं तर ते स्वतःच्या खिशातून भरायचं आहे असं गृहीत धरूनच जा. या हिशेबाने चालवायचा वेगही आपोआप ठरतो. जी गाडी मोडली तर सोमवारी कामावर जाता येणार नाही, ती शंभर टक्के ताणायची नसते.

ट्रॅकवरचा दिवस

सकाळी आधी तांत्रिक तपासणी होते. बॅटरी घट्ट आहे का, कुठे गळती आहे का, बेल्ट, टायर, ब्रेकचे दिवे. त्याआधी गाडी रिकामी करा. डिकीतला जॅक आणि स्टेपनी, दारातल्या बाटल्या, डॅशबोर्डवरची मूर्ती, आरशाला लटकवलेली माळ, सगळं काढा. चालकाच्या पायाखालचं मॅट नक्की काढा. ते सरकून पेडलखाली अडकतं. टो हुक लावून ठेवा. सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, पातळ तळव्याचे बूट आणि हेल्मेट घालायचं.

मग ब्रीफिंग. ते मन लावून ऐका. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक नाही. लाल म्हणजे सत्र थांबलं, सावकाश पिटमध्ये या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे, तिला जाऊ द्या. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे पुढे ऑइल किंवा पाणी सांडलंय. काळा झेंडा तुम्हाला दाखवला तर तुम्हीच पिटमध्ये यायचं. ओव्हरटेक कुठे करायचा आणि पुढच्याने इशारा कसा करायचा, हेही तिथेच सांगतात.

पहिल्या सत्रात वेग विसरा. ब्रेक आणि टायर हळूहळू तापवा, मार्शल कुठे उभे आहेत ते बघा, वळणांचा क्रम पाठ करा. शक्य असेल तर प्रशिक्षकाला शेजारी बसवा.

एक वळण

वेगाने वळण घ्यायचं तर त्याचा परीघ मोठा करावा लागतो. 50 मीटर त्रिज्येचा वाकडा मार्ग चांगला टायर ताशी 73 किलोमीटरपर्यंत धरून ठेवतो. तेच वळण बाहेरच्या कडेने सुरू करून, आतल्या कडेला स्पर्श करून पुन्हा बाहेर सोडलं आणि त्रिज्या 80 मीटरची झाली, तर तोच टायर 93 पर्यंत धरतो. गाडी तीच, टायर तोच, फक्त रेघ बदलली. यालाच रेसिंग लाइन म्हणतात, आणि आतल्या कडेच्या त्या बिंदूला एपेक्स.

आता टप्प्याटप्प्याने. सरळ पट्ट्यावर, स्टिअरिंग सरळ असतानाच, सगळा ब्रेक मारायचा. सुरुवातीला जोर चढता, मग उतरता. एबीएस पेडलमधून धडधडला तर घाबरून पाय काढायचा नाही. गिअर उतरवायचा, पण इंजिनला झटका बसू द्यायचा नाही. ब्रेक सुटत असताना स्टिअरिंग वळवायला लागायचं, एकदाच आणि शांतपणे. एपेक्सच्या आधीच नजर बाहेर पडायच्या जागेवर गेलेली असली पाहिजे, कारण हात नजरेच्या मागे जातात. एपेक्स ओलांडला की स्टिअरिंग जसं सरळ होईल तसा अ‍ॅक्सिलरेटर वाढवायचा.

टायरची पकड एकूण ठरलेली असते. ती ब्रेकला द्या, वळायला द्या किंवा पळायला द्या. सगळ्यांना एकदम पूर्ण देता येत नाही. ऑक्टेव्हियासारखी पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी वळणात जास्त वेगाने शिरली तर स्टिअरिंग वळवूनही नाक बाहेर सरकत राहतं. तेव्हा स्टिअरिंग आणखी वळवणं चूक. ते किंचित सरळ करून अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडायचा, की पुढच्या चाकांवर वजन येऊन पकड परत येते. पण तो एकदम सोडला तर मागची चाकं हलकी होऊन मागचा भाग फिरू शकतो. म्हणून ट्रॅकवरची सगळी शिकवण शेवटी एका सवयीवर येते, ती म्हणजे पाय आणि हात यांना झटका न देता काम करायला लावणं. नव्वद अश्वशक्तीची 1.9 टीडीआय इथे मोठ्या ताकदीच्या गाडीपेक्षा चांगली गुरू आहे. सरळ पट्ट्यावर ती भरपाई करून देत नाही, त्यामुळे वळणातली चूक लगेच उघडी पडते.

पिटमध्ये परतल्यावर

सत्राची शेवटची फेरी ब्रेक शक्य तितका न वापरता, मधल्या गिअरमध्ये चालवा. ब्रेक, टर्बो आणि कूलंट तिघंही या फेरीत गार होतात. पिटमध्ये आल्यावर टर्बो गाडी लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवा. हँडब्रेक ओढू नका. तापलेले पॅड डिस्कला चिकटून एकाच जागी दाबले गेले की डिस्कवर ठसा उमटतो. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला ठोकळा लावा.

मग प्रत्येक सत्रानंतर तेच तपासा: टायरचा दाब, पॅडची जाडी, ब्रेक ऑइलची पातळी, ऑइल, कूलंट, चाकांचे बोल्ट. वहीत लिहा. पहिल्या सत्रापासून शेवटच्यापर्यंतचे आकडे एका ओळीत बघितले की गाडीतली कोणती वस्तू मर्यादेजवळ आहे ते स्पष्ट कळतं. कोणताही आकडा सत्रागणिक बिघडत चालला असेल तर त्या दिवशी थांबणं हाच बरोबर निर्णय. शेवटच्या सत्रात दमलेला चालक आणि झिजलेले पॅड एकत्र येतात, म्हणून ते सत्र सोडून देणाऱ्यांत बरेच जाणकार असतात.

घरी आल्यावर पुन्हा रॅम्प, पुन्हा ब्रेक ऑइल, पुन्हा बुश आणि बूट. या दिवसाचा खर्च झिजेत होतो आणि ती झीज भरून काढली तरच गाडी पूर्वीसारखी राहते. त्याच्या बदल्यात मालकाला जे मिळतं ते रोजच्या रस्त्यावर उपयोगी पडतं. आपली गाडी किती अंतरात थांबते, पकड सुटण्याआधी स्टिअरिंग हाताला काय सांगतं, पेडल मऊ पडलं तर काय करायचं, हे त्याला पायाने आणि हाताने कळलेलं असतं. असा माणूस चाळीसगावकडे उतरताना तिसऱ्या गिअरवर गाडी रोखतो आणि पुढच्या वाहनापासून अंतर ठेवतो, कारण उष्णता कुठे साठते ते त्याने मोजलेलं असतं.

ट्रॅकला जायचं ठरो न ठरो, यातली दोन कामं प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाने या महिन्यात करावीत. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते बिलात शोधा, दोन वर्षं उलटली असतील तर बदला. आणि चारही टायरवरचे ते चार आकडे वाचा, स्टेपनीवरचेही.